पिंपळाचं एक सरळ पान

पाऊस जाऊन आठवडा झाला होता आणि नागपूरच्या ऑक्टोबरनं आपला जुना धंदा सुरू केला होता. सकाळी आठलाच ऊन पाठीवर येऊन बसायचं, ते उठायचं नाव घ्यायचं नाही. अशा उन्हात भैय्याजी नगरारे अंगणात उकिडवे बसून कूलरची टाकी खरवडत होते. उन्हाळाभर पाणी पिऊन टाकीचं बूड गंजलं होतं. गंज खरवडायचा, लाल प्रायमरचा हात द्यायचा, वर रंग मारायचा आणि कूलरला गोणपाट पांघरून जिन्याखाली झोपवायचं, एवढंच काम. पण हे काम जूनचं होतं आणि महिना ऑक्टोबरचा होता, त्यामुळे भैय्याजींची बायको यमुताई ओट्यावर बसून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

"जूनमदे सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"करून तं राहिलो."

"खरवडून राहिले का गोंजारून राहिले? हात कूलरवर हाय न डोये भिंतीवर."

हे खरं होतं. गल्लीच्या पलीकडे वस्तीतला विहार होता आणि विहाराच्या दारालगत, नगराऱ्यांच्या अंगणातून सरळ दिसेल अशी, माणसाच्या दीडपट उंचीची एक भिंत होती. त्या भिंतीवर भैय्याजींनी बोधिवृक्ष काढला होता. खोड ओळंब्यात होतं. फांद्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर निघाल्या होत्या. पत्र्यातून पिंपळाच्या पानाचा साचा कापून त्यांनी सगळी पानं त्याच साच्यातून मारली होती; एकही पान दुसऱ्यापेक्षा तसूभर लहान नव्हतं की मोठं नव्हतं. सगळ्यांची टोकं खाली, सरळ जमिनीकडं. काम इतकं साफ झालं होतं, तरी त्यात काहीतरी चुकलंय असं भैय्याजींना वाटायचं, आणि काय ते त्यांना सांगता यायचं नाही.

ते सांगायला बायजाबाई होत्या. वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, रोज सकाळी विहारात मेणबत्ती लावायला येणारी. आज त्या मेणबत्ती लावून बाहेर आल्या आणि काठीवर दोन्ही हात ठेवून भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"भैय्या, हे काय होय गा?"

"पिंपळ होय, मावशी."

"पिंपळ होय तं पानं लायनीत काहून उभे हायेत? शाळेची प्रार्थना चालू हाय का?"

यमुताईंनी सांबारात तोंड घातलं. भैय्याजींनी टाकीवर खरवडायची पत्री जरा जोरात घासली.

तेवढ्यात विक्की आला. विहार समितीचा सचिव आणि फ्लेक्सच्या दुकानाचा मालक अशी दोन माणसं एकाच गॉगलमागे राहत होती, आणि कोणत्या वेळी कोण बोलतंय ते कळायला जरा वेळ लागायचा. त्यानं गाडी बंद केली नाही.

"जय भीम, काकाजी. राग नका मानू. पन पुढच्या आठवड्यात धम्मचक्राचा दिवस हाय, बाहेरगावचे लोक आपल्या विहारात मुक्कामाले येऊन राहिले. कोनी हा खांब पाहून विचारलं का ट्रान्सफॉर्मर कुठं हाय, तं मी काय सांगू?"

"पानं मोजून पाह्य. एक बी वाकडं नाई."

"हाव, तेच तं." विक्कीनं मोबाइल पुढं धरला. "रविवार संध्याकाळपर्यंत झाड झाडावानी दिसलं तं ठीक. नाई तं सोमवारी भिंतीवर हा फ्लेक्स."

फ्लेक्सवर एक झाड होतं. झाडाखाली गोल गोल चौकटींत समितीचे सगळे चेहरे होते आणि मधला मोठा गोल विक्कीचा होता, गॉगलसकट. झाड चेहऱ्यांच्या मानानं बरंच लहान होतं.

विक्की गेल्यावर भैय्याजी कितीतरी वेळ त्याच एका जागी खरवडत राहिले. तिथला गंज केव्हाच निघाला होता.

भैय्याजी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये पेंटर होते. पस्तीसेक वर्षं त्यांनी पाइप रंगवले, आकडे रंगवले, सूचना रंगवल्या. तिथं रंगाला स्वतःचं मत नसतं. पाण्याचा पाइप हिरवा, वाफेचा चांदी, हवेचा आसमानी, तेलाचा तपकिरी, आग विझवायच्या पाण्याचा लाल. त्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण. बाण चुकला तर माणूस उलट्या बाजूची चावी फिरवेल, म्हणून बाण काढताना श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. भैय्याजींचा एकही बाण कधी चुकला नाही. चिकटपट्टी लावून मारलेली त्यांची रेघ पाहून लोक विचारायचे की ही रंगवली का चिकटवली.

निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि कधी माइकसमोर न आलेले भैय्याजी माइकसमोर येऊन म्हणाले, "आतापर्यंत साहेबाच्या मनचं रंगवलं. आता माह्या मनचं रंगवीन." टाळ्या पडल्या. तिथंच घोळ झाला. कारण त्यानंतर जो भेटेल तो विचारायचा, "काय भैय्याजी, मनचं काय रंगवलं?" बाजारात विचारायचा, मयतीत विचारायचा. भैय्याजींनी स्टँड आणला, कॅन्व्हास आणला आणि कन्हान नदीच्या पुलावर जाऊन बसले. नदी काढली. हिरवी, दोन्ही काठ समांतर, आणि मधोमध पांढरा बाण.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी दीक्षा चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिनं विचारलं होतं, "मोठेबाबा, नदीवर बाण कायले?"

"पानी कोन्याकडं जाते हे समजलं पायजे ना, बाई."

त्यानंतर वर्षभर स्टँडवर टॉवेल वाळत होते. शेवटी भैय्याजींनी विहाराच्या बैठकीत उभं राहून भिंत मागून घेतली होती. कॅन्व्हास घरात असतो, न जमला तर पलंगाखाली सरकवता येतो. भिंत सरकवता येत नाही. एकदा सगळ्यांसमोर मनचं रंगवून टाकावं, म्हणजे विचारणाऱ्यांची तोंडं बंद होतील आणि आपल्यालाही कळेल की मनात काही आहे की नुसते पाइप आहेत, असा त्यांचा हिशेब होता. आता भिंतीवर फ्लेक्स चढला असता तर उत्तर सगळ्या वस्तीला दिसणार होतं, मधोमध विक्कीचा गॉगल लावून.

विक्की येऊन गेला त्याच दुपारी दीक्षा आली. तिनं झाडाकडे पाहिलं, मग मोठेबाबांकडे पाहिलं आणि जपून बोलली. "झाड चांगलं हाय. पन ते भेलं हाय, अंग चोरून उभं हाय. तुमी हात मोकळा सोडून पाहा ना. चुकलं तं चुकू द्या. टेप नको, साचा नको. मनात येईन तसं मारा."

"मनात येईन तसं," भैय्याजींनी म्हणून पाहिलं. "कवा?"

"कवा म्हंजे?"

"म्हंजे सकाळी का संध्याकाळी? तयारी काय लागते?"

"सकाळी," दीक्षा म्हणाली.

संध्याकाळी भैय्याजींनी पांढऱ्या डिस्टेंपरचा हात मारून पिंपळ पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला बनियन घालून ते भिंतीसमोर उभे राहिले. पॉवर हाऊसमध्ये मशीनवर काम सुरू करण्याआधी लाल पाटी लटकवायची शिस्त होती. त्या सवयीनं त्यांनी विहाराच्या दाराला पाटी अडकवली, 'काम चालू आहे, हात लावू नये'. यमुताईंना सांगितलं, "अर्धा तास कोनी बोलू नका. मी मोकळा होऊन राहिलो."

"व्हा," यमुताई म्हणाल्या.

भैय्याजी मोकळे झाले. डोळे मिटून त्यांनी हिरव्या रंगाचा डबा भिंतीवर झोकला. डोळे उघडले. मग हातानं शिंतोडे मारले, मग झाडूनं मारले. मग चार पावलं मागं येऊन पाहिलं, तर शिंतोडे डावीकडे जास्त पडले होते. ते त्यांना सहन होईना. उजवीकडे तेवढेच शिंतोडे मारले. तिकडे दोन जादा झाले, म्हणून डावीकडे दोन वाढवले. एक ओघळ तिरपा चालला होता, त्याला पट्टी लावून सरळ केला. अर्ध्या तासानंतर भिंतीवर जे होतं ते अगदी समतोल होतं.

बायजाबाई मेणबत्ती लावून बाहेर आल्या.

"भैय्या," त्यांनी हळूच विचारलं, "रात्री कोनाचं पोट बिघडलं गा?"

भैय्याजींनी पाटी काढली आणि पुन्हा पांढऱ्याची बादली कालवायला घेतली. दीक्षा कॉलेजातून परस्पर आली, ओल्या पांढऱ्यातून डोकावणारी हिरवळ तिनं पाहिली आणि काही न विचारता दुसरा ब्रश उचलून पांढरं मारायला लागली.

"मनात पाइपच हायेत, बाई," शेवटी भैय्याजी म्हणाले. "कोनाच्या मनात काय हाय, ते ज्याचं त्याले माहीत. माह्या मनात पाइप हाय. विक्कीले सांगून दे, फ्लेक्स लाव म्हनावं."

दीक्षानं ते विक्कीला सांगितलं नाही. यमुताईंनी ऐकलं, पण त्या दिवशी कूलरचं नाव काढलं नाही, त्यावरून भैय्याजींना कळलं की आपली अवस्था फारच वाईट दिसत असावी.

चारच्या सुमाराला नत्थूजी आले, शिंगाड्यांची पिशवी घेऊन. नत्थूजी पॉवर हाऊसात क्रेन चालवायचे आणि निवृत्तीनंतरही खापरखेड्यालाच राहिले होते. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मान कायम डावीकडे फिरवून, उजवा कान पुढं करून बोलायचे. समोरचा एक दात नव्हता. शिंगाडे उकडून परातीत आले, आणि परातीभोवती बसून नत्थूजींनी तोच प्रश्न विचारला जो विचारायला नको होता.

"काय बे, मनचं काय रंगवलं?"

भैय्याजींनी नखानं शिंगाड्याचं साल काढलं. "काई नाई. मले येत नाई, नत्थू. मी पेंटर नाई. मी पाइपवाला होय."

"अन खोपड्या?"

"कोन्त्या खोपड्या?"

"बम खोपड्या काढल्या बे तुनं, शेकड्यानं. धोक्याच्या पाट्या. अकरा हजार व्होल्ट."

"त्यात काय हाय? त्याले माप हाय. लाल चौकट, दोन हाडं, मदात खोपडी. सगळ्या सारख्या."

नत्थूजी हसायला लागले. दाताच्या फटीतून शिंगाड्याचा भुगा उडाला. "सारख्या म्हनते. यमुताई, हा सारख्या म्हनते." ते डोळे पुसून म्हणाले, "चौकट सारखी होती. हाडं सारखी होती. खोपडी कवाच सारखी नव्हती बे. स्विचयार्डच्या जाळीवरची आठव. गाल बसले, तोंड मुरडलं. कोन होतं ते?"

"खोपडीले तोंड मुरडता येत नाई. ओठच नसते तिले."

"नसते ना? तरी मुरडलं होतं. तो स्टोअरबाबू होता. तुले थिनर कमी देला होता त्यानं, त्या दिवशी दिवसभर त्याले शिव्या देत देत तू पाटी रंगवून राहिला होता. अन पंप हाऊसवाली, कपाळ हे एवढं? आपला फोरमन. मरेपर्यंत त्याले समजलं नाई. आमी जेवनाच्या सुट्टीत फिरत होतो बे, नवी खोपडी कोनाची निंगाली ते पाहाले. जो आधी ओयखन त्याले बाकीच्यांनं चहा पाजाचा."

भैय्याजींच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. आयुष्यभर एकही बाण न चुकलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी सांगावं की तुझ्या खोपड्या साहेबलोकांसारख्या दिसायच्या, हा काही आनंदाचा निरोप नव्हता. "खोटं बोलून राहिला तू," ते म्हणाले. "साहेब लोकांनं पाहिलं असतं तं?"

"खोपडीत सोताले कोन पाह्यते बे?"

मग नत्थूजींनी घरी फोन लावला, फोनवर बराच आरडाओरडा केला आणि थोड्या वेळानं मोबाइलवर एक फोटो आला. भंगारात निघालेली एक जुनी पाटी, आता नत्थूजींच्या घरच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेली. लाल चौकट. दोन हाडं, मापात. मधली खोपडी मात्र डावीकडे फिरली होती, कोणी हाक मारली असावी तशी, आणि तिला समोरचा एक दात नव्हता.

यमुताईंनी पदर तोंडाला लावला. "अवं माय, हे तं नत्थूभाऊ होय."

"तू माह्यासंग भांडून राहिला होता तवाची हाय ही," नत्थूजी म्हणाले. "मी म्हनलं होतं, माही क्रेन पिवळी नको रंगवू. तू म्हने नियमात पिवळीच हाय. दिवसभर भांडला. हात चालू होता, तोंड चालू होतं. मी पाटी पाह्यली न भांडन इसरलो."

भैय्याजींनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा काढून पाहिला. दोन हाडांकडे पाहून त्यांचं समाधान झालं. ती सरळ होती. खोपडीकडे मात्र ते चोराकडे पाहावं तसं पाहत होते. हे आपण केलं, आणि आपल्याला माहीत नाही. इतकी वर्षं आपल्या हातानं आपल्याच पाठीमागं हा धंदा चालवला.

नत्थूजी मुक्कामालाच राहिले. शनिवारी सकाळी उठून पाहतात तर भैय्याजी विहाराच्या छतावरून ओळंबा सोडून बसलेले. भिंतीवर सुतानं चौकोन मारले होते आणि खोडाच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावली होती. दीक्षा कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"मोठेबाबा, पुन्हा टेप?"

"चौकट नसली का माह्या हाताले भेव वाटते, बाई. चौकट झाली का त्याले वाटते, आपलं काम झालं, आता गप्पा मारू."

खोड झालं, फांद्या झाल्या. मग पत्र्याचा नवा साचा कापून त्यांनी प्रत्येक पानाची फक्त मधली शीर मारली, सगळ्या शिरा एका मापाच्या. नत्थूजी खुर्ची टाकून बसले होते. "हाडं झाली," ते म्हणाले. "आता खोपड्या काढ."

भैय्याजींनी ब्रश उचलला. नत्थूजींकडे नीट पाहिलं, मान कशी फिरते, दात कुठला नाही, सगळं ध्यानात धरलं, आणि फांदीच्या मधोमध पहिलं पान काढलं. साचा हातात नव्हता, तरी पान साच्यातून मारल्यासारखं आलं. दोन्ही बाजू सारख्या, टोक सरळ खाली.

नत्थूजींनी उजवा कान पुढं करून पाहिलं, जणू पान काही बोलेल. "हे तं कोनीच नाई बे."

भैय्याजींनी दुसऱ्या शिरेवर प्रयत्न केला नाही. ब्रश डब्यावर आडवा ठेवून ते पायरीवर बसले. पुसायचं म्हटलं तर पांढरं वाळायला वेळ, आणि उठायचं मनच होईना. दीक्षा मोबाइल काढून उगाच पाहत राहिली.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून यमुताईंचा आवाज आला. "कूलर पडला हाय अंगनात. रात्री कुत्रं झोपलं होतं त्यात."

"झोपू दे," भैय्याजी म्हणाले.

"जूनमदे सांगितलं होतं."

"मंग जूनमदे नाई केलं म्हनून आता फाशी देतं का मले?" भैय्याजी उठले. "पस्तीस वर्षं सरकारचे पाइप रंगवले, आता घरचा एक कूलर नाई रंगवला तं..." बोलता बोलता ब्रश हातात आला होता.

"सरकारचे पाइप सरकार पाहीन. माह्या घरी कुत्रं झोपून राहिलं."

"कुत्र्याले बी गरमी होते. त्याले कूलर नाई पायजे का?"

"त्याले पायजे असन तं तुमी दोघं झोपा त्यात."

हे असं अर्धा तास चाललं. यमुताई मुद्दाम बोलल्या की खरंच, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मध्येच नत्थूजींनी खुर्चीवरून हात हलवून दीक्षाला खूण केली. भिंतीवर एक पान आलं होतं. रुंद, देठ आखूड, आणि टोक खाली न जाता बाजूला निघालेलं, रागावल्यावर यमुताईंची हनुवटी निघायची तसं. दीक्षानं ओट्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून विहाराच्या मागं जाऊन हसून आली.

परत आली ती कामालाच लागली. मोठेबाबांना काही सांगायचं नाही, हे तिला न सांगता कळलं. सांगितलं की तो हात पुन्हा पाठीमागं लपणार. ती वस्तीत फिरली आणि ज्याच्या ज्याच्या मनात भैय्याजींशी बोलायचं काही राहून गेलं होतं त्याला त्याला भिंतीकडे पाठवत राहिली. अशी माणसं वस्तीत भरपूर होती. एकाची शिडी मागच्या दिवाळीपासून भैय्याजींकडे होती. एकीच्या दारावर त्यांनी नवऱ्याचं नाव मोठं आणि तिचं बारीक लिहिलं होतं. भैय्याजी भिंतीकडे तोंड करून सगळ्यांना उत्तरं देत होते. नजर शिरेवर, जीभ भांडणात, आणि हात कुठं होता ते त्याचं त्याला माहीत.

बायजाबाई आल्या त्या भांडायला नाही. त्यांनी पायरीवर बसून आपल्या लग्नातली गोष्ट काढली, जी सगळ्या वस्तीनं ऐकलेली होती आणि भैय्याजींनी सगळ्यात जास्त. ते नुसते "हाव, मावशी" म्हणत होते. त्या उठेपर्यंत वरच्या फांदीवर एक म्हातारं पान आलं होतं. कडा आत वळलेल्या, अंगभर सुरकुत्या, आणि देठ मात्र काठीसारखं ताठ.

रविवारी दुपारी विक्की आला. गाडीवर मागं फ्लेक्सची गुंडाळी होती. "काकाजी, मी छापून ठेवला. उद्याले धावपळ नको."

"छापला?" भैय्याजींनी मागं न पाहताच विचारलं. "रविवार संध्याकाळ झाली का?"

"तयारी ठेवा लागते ना."

"तयारी ठेव. गॉगल घालून ठेव. तुह्या बापाले मी सायकल शिकवली, विक्की, तो बी असाच घाई करे. चाकात पाय घाले."

"त्यात माह्या बाबाचं काय हाय आता?"

"सगळं तुह्या बाबाचंच हाय." आणि ते विक्कीच्या बाबांबद्दल बराच वेळ बोलले, आणि विक्की आपल्या बाबांच्या बाजूनं बराच वेळ भांडला. ऊन खाली आलं तेव्हा भैय्याजींनी ब्रश टरपेनच्या डब्यात टाकला, खोडाची चिकटपट्टी सोडवली आणि पहिल्यांदा चार पावलं मागं सरकले.

खोड खांबासारखंच होतं. त्याला इलाज नव्हता. पण त्या खांबावर सगळी वस्ती बसली होती, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, कोणी वाकलेलं, कोणी ताठ, एक पान दुसऱ्याच्या अंगावर रेललेलं. बायजाबाईंनी काठीवर हात ठेवून पाहिलं.

"आता याले वारा लागून राहिला," त्या म्हणाल्या. आणि काठीनं वरच्या फांदीकडे दाखवत, "ते बुढं मी होय ना गा?"

भैय्याजींनी पाहिलं. त्यांना ते तेव्हा दिसलं. त्यांचे कान लाल झाले.

मग गर्दी झाली. प्रत्येक जण आपलं पान शोधत होता आणि त्याआधी शेजाऱ्याचं सापडत होतं. शिडीवाल्याला आपलं पान कीड लागलेलं का, असा प्रश्न पडला. यमुताई गल्ली ओलांडून आल्या, आपल्या पानासमोर उभ्या राहिल्या आणि हनुवटी बाजूला काढून म्हणाल्या, "मी अशी नाई." तेव्हा सगळे हसले, आणि त्याही.

विक्की शोधत शोधत उजव्या टोकाला पोचला. तिथं एक चकचकीत पान होतं, सगळ्यांच्या पुढं आलेलं, रस्त्याकडं वळलेलं, आणि त्यात शेजारी शेजारी दोन काळी गोल भोकं. विक्कीनं गॉगल काढला. पुन्हा घातला.

"काकाजी," त्यानं विचारलं, "थोडंसं मोठं करता येईन का?"

"शीर एकाच मापाची हाय," भैय्याजी म्हणाले. "शिरेबाहेर जाता येत नाई."

विक्कीनं पानाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फ्लेक्सची गुंडाळी गाडीवरून उतरली. पाहुण्यांच्या जेवणासाठी विहाराच्या मागं आणून ठेवलेल्या आलूच्या पोत्यांवर दव पडू नये म्हणून ती पसरण्यात आली, आणि समितीचे चेहरे आलूवर नीट बसले.

नत्थूजी मात्र फांदीच्या मधोमध पाहत होते. त्यांचं पान कुठं होतं ते त्यांना सापडलं होतं, डावीकडे मान फिरवलेलं. ते कधी आलं ते भैय्याजींना आठवत नव्हतं. पण नत्थूजी दुसऱ्याच एका पानाकडे पाहत होते. पहिलं पान. दोन्ही बाजू सारख्या, टोक सरळ खाली, जसं साच्यातून मारलेलं. ते पुसायचं राहूनच गेलं होतं.

"ते राहू दे," भैय्याजी घाईनं म्हणाले. "ते चुकलं. उद्या पुसतो."

"पुसतं कायले?" बायजाबाई म्हणाल्या. "सरळ वालं तूच होय ना?"

भैय्याजींनी त्या पानाकडे पाहिलं. सगळ्या हलणाऱ्या गोतावळ्यात ते एकटं ताठ उभं होतं, ओळंब्यात, आणि अजिबात वाईट दिसत नव्हतं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हाव ना बे, भैय्याजीच होय." मग पुसायचा विषय निघाला नाही.

"मनचं रंगवलं बे तुनं," नत्थूजी म्हणाले आणि शिंगाड्यांची रिकामी पिशवी झटकून बसच्या वाटेला लागले.

गल्ली रिकामी व्हायला लागली. भैय्याजींनी ब्रश धुतले, सूत गुंडाळलं, ओळंबा खिशात टाकला आणि अंगणात आले. कूलरमध्ये कुत्रं झोपलं होतं. त्यांनी त्याला उठवलं. ते नाराजीनं उठून जिन्याखाली गेलं.

"कोन्ता रंग मारू?" त्यांनी विचारलं.

ओट्यावर यमुताई तांदूळ पाखडत होत्या. "तुमच्या मनचा मारा."

भैय्याजींनी फार विचार केला नाही. "त्यात पानी असते," ते म्हणाले. "हिरवा."

"पन बान नका काढू," यमुताई म्हणाल्या.

भैय्याजी उकिडवे बसले, पत्री घेतली आणि जिथला गंज अजून निघाला नव्हता तिथं खरवडायला लागले.